जमिनीवर बार उघडत नाही

संगप्पानं हॉटेल काढायला विमान आणलं त्या दिवशी मी त्याला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या. सगळा अक्कलकोट रोड तुंबलेला. मी रिक्षात, पिशवीतली मेथी सुकत चाललेली, आणि पुढं लांबलचक ट्रेलरवर पंख कापलेलं विमान आडवं. पोरं मोबाईल वर करून पळत होती. कुणीतरी त्याच्या नाकाला हळदकुंकूसुद्धा लावलं होतं. रिक्षावाला म्हणाला, "बगा की मावशी, सोलापूरला इमान आलं." मी म्हटलं, "आलं तर आलं. मला काय त्यात बसायचंय? तू रिक्षा काढ हितनं."

विमान या जातीशी माझं वैर जुनं. आमचे हे सरकारी विमान कंपनीत पर्सर होते. पर्सर म्हणजे विमानात वाढणाऱ्या सगळ्यांचा मुख्य, असं मी लग्नानंतर सासूबाईंना समजावून सांगितलं, तर त्या आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. एवढा शिकलेला पोरगा लोकांना चहा देतो, हे काही त्यांच्या पचनी पडेना. हे मुंबईत, विमान आखातात, आणि मी सोलापुरात शाळेची नोकरी, सासूसासरे आणि आमची ऋतुजा यांना धरून. निम्मं आयुष्य असं गेलं. निवृत्त होऊन घरी आले तेव्हा वाटलं, आता तरी हा माणूस माझ्या वाट्याला येईल.

आले की! चार वर्षं बरी गेली. मग किल्ली कुठं ठेवली ते आठवेना, मग गल्ली आठवेना, आणि एका सकाळी मी चहाचा कप पुढं केला तर माझ्याकडं बघून अगदी अदबीनं म्हणाले, "थँक्यू. आपण कोण?"

"मी यशोदा. तुमची बायको," मी म्हटलं. त्यांचा चेहरा असा कावराबावरा झाला की मलाच कसंतरी झालं. "सॉरी हं," म्हणाले. नवऱ्यानं बायकोला सॉरी म्हणावं आणि तेही अशासाठी! त्यानंतर रोज तेच. रोज विचारायचे, रोज मी सांगायची, रोज सॉरी. डॉक्टर म्हणाले, सांगत राहा, कधीतरी ओळख पटेल. मी हट्टाला पेटले. आमच्या वेळी नवरे बायकोचं नाव घेत नसत, "अगं" म्हणायचं आणि आपण ओ द्यायची. पण आता मला त्यांच्या तोंडून माझं नाव ऐकायचं होतं. एकदाच. मग काय व्हायचं ते होवो.

दिवाळीला ऋतुजा पुण्याहून आली आणि म्हणाली, "आई, सगळं सोलापूर त्या विमानात जेवतंय. बाबांना घेऊन जाऊ." मी नाही म्हटलं. ती माझीच पोरगी, ऐकतीय कशाला.

कुंभारीच्या अलीकडं शेतात ते उभं होतं. पंख परत जोडलेले, अंगाला पांढरा रंग, खाली लोखंडी जिना. आत तीच जुनी आसनं, मधली काही काढून टेबलं टाकलेली. हवेत शेंगाचटणीचा आणि कडक भाकरीचा वास. हे जिन्यापर्यंत माझा हात धरून, पाय ओढत आले. पहिल्या पायरीवर त्यांनी हात सोडवला. दारात पोचले, चौकटीवरून तळवा फिरवला, आणि ताठ झाले. हो, ताठ! दोन वर्षांत वाकलेली पाठ माझ्या डोळ्यांदेखत सरळ झाली. आत जाऊन मागं वळले आणि मला म्हणाले, "नमस्कार मॅडम, स्वागत आहे. आपलं आसन उजवीकडं."

मला रडावं की हसावं कळेना. ऋतुजा तर ओढणी तोंडाला लावून खिडकीकडं वळली.

ते सरळ मधल्या वाटेनं गेले, तिथं पंखावरच्या दारासमोर संगप्पानं आइस्क्रीमचा फ्रीज ठेवला होता. हे तिथंच थांबले. "हे इमर्जन्सी एक्झिट आहे," म्हणाले. "हे मोकळं झाल्याशिवाय जेवण सर्व्ह होणार नाही." संगप्पा मूळचा दुधनीचा, बोलण्यात कानडी हेल. तो हातात बिलाचं पुस्तक घेऊन धावत आला. "अय्यो काका, विमान कुटं उडतंय?" म्हणाला. ह्यांनी त्याच्याकडं असं बघितलं की दोन पोरांनी गुपचूप फ्रीज ओढून बाजूला घेतला. मग ह्यांनी दोन्ही हात पसरून दारं दाखवली, पट्टा कसा बांधायचा ते दाखवलं, रिकाम्या हातानं प्राणवायूचा मुखवटा ओढून नाकावर धरला. जेवणारी माणसं घास हातात धरून बघत होती. शेवटी टाळ्या पडल्या.

संगप्पा धंद्याचा माणूस. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मावशी, काकांना रोज आणा की. जेवण माझ्याकडनं. लोकांना लई आवडलं बगा." ऋतुजा परत पुण्याला गेली, आणि त्या दिवसापासून रोज संध्याकाळी आम्ही दोघं रिक्षानं संगप्पाच्या विमानात जाऊ लागलो. संगप्पानं ह्यांना निळा कोट शिवला. घरात जो माणूस शर्टाची बटणं उलटीसुलटी लावायचा, तो त्या कोटाची बटणं न चुकता लावायचा.

रेश्मा म्हणून तिथं एक पोरगी वाढायला होती, कुंभारीची. आई घरी विड्या वळायची. ह्यांची आणि तिची गट्टी जमली. ट्रे कसा धरायचा, पाणी कुठल्या खांद्यावरून ओतायचं, चिडलेल्या माणसाशी कुठल्या सुरात बोलायचं, हे सगळं तिला शिकवायचे. मी तिसऱ्या ओळीत खिडकीशी बसून ऐकायची. त्यांच्या लेखी मी रोजची एक मॅडम होते. पण मॅडमला ते गोष्टी सांगायचे! बायकोला जन्मात सांगितल्या नव्हत्या त्या.

"मागच्या सात-आठ ओळी सिगारेटवाल्यांच्या," असं सांगायचे. "पुढच्या ओळीत ओढायची नाही. मधे ना भिंत, ना पडदा. धूर काय ओळीचा नंबर बघून थांबतोय होय मॅडम?" आणि स्वतःच हसायचे. तेव्हा मला ती सगळी वर्षं आठवली. रजेवर यायचे तेव्हा बॅग उघडली की घरभर सिगारेटचा वास. सासूबाई नाक धरायच्या. मी तर लग्नानंतरचं पहिलं वर्ष ह्यांच्याशी भांडण्यात घालवलं, की तुम्ही ओढता आणि माझ्याशी खोटं बोलता. देवाची शपथ घेतली तरी माझा विश्वास बसेना. शर्ट तीनतीनदा धुवायची, गवती चहा घालून उकळायची, तरी वास जायचा नाही. आता त्या विमानात तिसऱ्या ओळीत बसून मला तो वास पाहिजे होता. सगळीकडं फिनेल आणि भाकरी! मी आसनाच्या कापडाला नाक लावून बघितलं, एकदा नव्हे, बऱ्याचदा. कुणी बघितलं असतं तर मलाही ह्यांच्याच डॉक्टरकडं नेलं असतं.

एक गोष्ट त्यांची फार आवडती. कुणी म्हातारबुवा पहिल्यांदाच पोराकडं आखातात चाललेला. झोप येत नाही म्हणून डबीत भांगेच्या गोळ्या घेतलेल्या, आणि ह्यांनाच एक देऊ केली. "घ्या साहेब, महादेवाचा प्रसाद." ह्यांचे हातपाय गार. त्या देशात उतरल्यावर डबी सापडली असती तर म्हाताऱ्याला पोराचं तोंड दिसलं नसतं. ह्यांनी ओरडाआरडा केला नाही. त्याच्या शेजारी बसले, गावच्या गप्पा मारल्या, आणि उतरायच्या आत सगळी डबी संडासात ओतायला लावली. वर कॉफी पाजली. "नियम माणसाला वाचवायला असतो मॅडम, अडकवायला नव्हे," असं म्हणायचे. मग रेश्माकडं वळून, "पाण्याचे ग्लास आले का?"

सांगायचं म्हणजे, त्या तासा-दोन तासांत मला माझा नवरा परत मिळायचा. मला ओळखत नसलेला, पण माझाच. घरी आलो की कोट काढायचे आणि परत गप्प. म्हणून सकाळपासून माझं लक्ष घड्याळाकडं. ज्या विमानावर मी जन्मभर जळले, त्याच्याच जिन्यापाशी रोज संध्याकाळी माझा जीव भांड्यात पडायचा.

आणि मग संगप्पाला दारूचं परमिट मिळालं.

विमानाच्या मागच्या बाजूला, जिथं पूर्वी जेवणाच्या गाड्या ठेवायचे तिथं, त्यानं बार केला. चकचकीत फळ्या, वरून निळे दिवे. त्याआधी एक सरकारी साहेब सगळं तपासायला आले. भला माणूस होता. आसनांच्या हातांत छोटी झाकणं होती, ती उघडून म्हणाले, "हे अ‍ॅशट्रे काढायचे. धूम्रपानाला बंदी असलेल्या जागेत अ‍ॅशट्रे ठेवता येत नाही." संगप्पानं तिथल्या तिथं पोरांना पकड घेऊन बसवलं. ह्यांनी काही हरकत घेतली नाही. पण साहेब संडासाच्या दारापाशी गेले, दारावरच्या अ‍ॅशट्रेला हात लावला, तर हे मधे येऊन उभे राहिले.

"हा निघणार नाही."

"काका, विमानात सिगारेटला बंदी आहे ना?"

"आहे. म्हणूनच हा पाहिजे," हे म्हणाले. "बंदी असली तरी एखादा चोरून ओढणारच. संडासात ओढणार. पकडला जाईन म्हणून घाबरला की पेटतं थोटूक कुठं टाकेल? कागदाच्या डब्यात. आणि मग सगळं विमान पेटेल. हा नसेल तर विमान उडवता येत नाही."

साहेबांनी हात मागं घेतला. "तुमचा नियम विमानाचा, माझा हॉटेलचा," म्हणाले, हसले, आणि संगप्पाला म्हणाले, "मी परत येईन तेव्हा मला हा दिसायला नको." संगप्पानं मग हे घरी गेल्यावर त्यावर गणपतीचं मोठं स्टिकर चिकटवलं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी गणपतीला नमस्कार केला आणि खालचा अ‍ॅशट्रे हातानं चाचपून बघितला. एवढ्यावर भागलं.

पण बारवर भागलं नाही. उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी संगप्पानं घरच्याच चार माणसांना बोलावून रंगीत तालीम ठेवली. बाटल्या लागल्या, पेले लागले, पूजा झाली. संगप्पाच्या मेव्हण्यानं बाटलीला हात घातला, तर ह्यांनी त्याच्या हातातनं बाटली घेतली, जागेवर ठेवली, बारची जाळी खाली ओढली आणि खिशातल्या दोरीनं बांधून टाकली.

"जमिनीवर बार उघडत नाही," म्हणाले. "कस्टमचं सील असतं. टेकऑफ झाल्यावर, पट्ट्याचा दिवा विझल्यावरच उघडायचा."

मेव्हणा हसला. परत दोरी सोडायला गेला. ह्यांनी त्याचा हात धरला, आणि हो, ढकललं त्याला. जो माणूस उभ्या जन्मात कुणाला अरे म्हणाला नाही, त्यानं ढकललं! मेव्हणा फळीवर आपटला, दोन पेले फुटले. "पॅसेंजर ऐकत नाहीत," मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही साक्षीदार आहात."

संगप्पा मला जिन्याखाली घेऊन गेला. चिडला नव्हता, तेच वाईट होतं. "मावशी, उद्या पन्नास माणसं यायची हायत. बारसाठी मी घर गहाण टाकलंय बगा. काका देवमाणूस. पण उद्यापासनं नका आणू. डबा मी घरी पाठवतो की, रोज."

डबा! मला डब्याची काय पडली होती? मी त्याला तोंडाला येईल ते बोलले. तुझं दार त्या फ्रीजपासून सोडवलं, तुझी रेश्मा तयार केली, गिऱ्हाईक आणलं, आणि आता दारू आली तर म्हातारा नकोसा झाला होय रे? मग मलाच लाज वाटली. त्याचं तरी काय चुकत होतं? उद्या कुणी ह्यांनाच उलट ढकललं असतं तर?

घरी आल्यावर ह्यांनी कोट काढला, पलंगावर बसले आणि मला विचारलं, "आपण कोण?" मी म्हटलं, "यशोदा." ते म्हणाले, "सॉरी." मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबून रडले. उद्यापासून एवढंच उरणार होतं, सॉरी.

सकाळी चहाला आधण ठेवताना डोक्यात आलं, की ते म्हणतात ते काही वेडेपण नाही. नियम पक्का आहे. टेकऑफ झाल्यावर बार उघडतो म्हणतात ना? मग टेकऑफ करायचा. विमान उडत नाही हे आपल्याला माहिती, त्यांना कोण सांगणार?

मी रेश्माला फोन लावला. ती म्हणाली, "मावशी, इंजिन न्हाय की त्याला."

"जनरेटर आहे ना?"

"व्हय, हाय. लावला की सगळं इमान थरथरतंय."

"तेच पाहिजे मला. संगप्पाला म्हणावं, आज रात्रीपुरतं यशोदामावशीचं ऐक. नाही जमलं तर उद्यापासून मी तोंड दाखवणार नाही."

संध्याकाळी मी कपाटातली निळी काठापदराची साडी नेसले, अंबाडा घट्ट बांधला. ह्यांनी रिक्षात माझ्याकडं दोनदा बघितलं. विमान माणसांनी भरलेलं, फुलांच्या माळा, अत्तर. संगप्पा दारातच हात जोडून उभा. त्याच्या चेहऱ्यावर घाम. मी सरळ जाऊन पुढच्या भिंतीवरचा माईक हातात घेतला. लोकांना रेश्मानं आधीच सांगून ठेवलं होतं, की आज गंमत आहे, सगळ्यांनी पट्टे बांधायचे.

आता त्या घोषणेचं सांगायलाच पाहिजे. लग्नानंतर पहिल्या रजेत हे आरशापुढं उभं राहून घोषणा घोकायचे. हिंदी आणि इंग्रजी कंपनीची. मला कळावी म्हणून त्यांनी स्वतः तिसरी केली, मराठीत. ती कुठल्याच विमानात कधी झाली नाही. माजघरात मी पाटावर बसायची, हे उभं राहून म्हणायचे, आणि चुकले की मी दुरुस्त करायची. त्यात शेवटी पर्सरचं नाव घ्यायचं असतं. ते मी कधी घेतलं नाही, उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? तिथं आले की मी पदर तोंडाला लावायची आणि हे हसायचे.

मी माईकमध्ये बोलले. "नमस्कार. आमच्या विमानात तुमचं मनापासून स्वागत आहे. थोड्याच वेळात आपण उड्डाण करू. आसनाची पाठ सरळ करा. पट्टे बांधा. आपल्या जवळचं दार कुठं आहे ते बघून ठेवा, ते कदाचित तुमच्या मागं असेल." एक शब्द चुकला नाही. "आजच्या प्रवासात आपले पर्सर आहेत, एकनाथ घाडगे."

घेतलं नाव. पन्नास माणसांपुढं, उखाण्याशिवाय.

ह्यांनी झटकन वळून बघितलं. मग दाराकडं गेले. रेश्मानं जिन्यावरून वर येऊन दार ओढून घेतलं, ह्यांनी दांडा फिरवला, हातानं दाबून बघितला आणि मला म्हणाले, "क्रॉस चेक." मला काय करायचं ते माहीत नव्हतं. मी पलीकडच्या दाराला जाऊन तसाच हात लावला. आणि तेव्हा ध्यानात आलं. आज पहिल्यांदाच दार बंद झालं होतं, आणि आम्ही दोघं एका विमानात होतो.

हे आमच्यात कधी झालेलं नव्हतं. ऋतुजा वर्षाची होती तेव्हा ह्यांच्या ओळखीचं एक जोडपं विमान पडून गेलं, दोघंही. मागं दोन पोरं राहिली. ती बातमी ऐकून मी ह्यांना ऋतुजाच्या डोक्यावर हात ठेवायला लावला होता, की आपण दोघं एका विमानात कधी बसायचं नाही. एकानं खाली राहायचं. कंपनी दरवर्षी बायकोला तिकीट द्यायची. दरवर्षी हे विचारायचे, "येतेस? दुबई बघू." दरवर्षी मी नाही म्हणायची. पुढं पुढं विचारायचे थांबले. मला वाटायचं, रुसले. मला वाटायचं, मी ह्यांचं मन मोडलं.

जनरेटर सुरू झाला. पायाखालची जमीन थरथरली, पेले किणकिणले. रेश्मानं दिवे मंद केले. दाराशेजारी भिंतीला दुमडलेली दोन छोटी आसनं होती, कर्मचाऱ्यांची. हे एकावर बसले, खांद्यावरून पट्टा घेतला, मला खूण केली. मी शेजारी बसले. ह्यांनी तळवे मांड्यांखाली दाबून घेतले, मान ताठ केली, डोळे मिटले. संगप्पाचा मेव्हणासुद्धा पट्टा बांधून बसला होता. मी हळूच खिडकीतून बघितलं, तर बाहेर कुंभारीचे दिवे होते तिथंच होते.

थोड्या वेळानं रेश्मानं दिवे मोठे केले आणि पट्ट्याचा दिवा विझवला. ह्यांनी डोळे उघडले, पट्टा सोडला, कोट सारखा केला, आणि मागं जाऊन जाळीची दोरी सोडली. "रेश्मा, आधी पाणी. मग ड्रिंक्स. ज्यानं जास्त घेतली असेल त्याला नम्रपणे नाही म्हणायचं." संगप्पानं माझ्याकडं बघून दोन्ही हात जोडले, डोळे पुसले आणि मोठ्यानं म्हणाला, "मावशी, आता रोज उडवायचं विमान! रोज!" माणसं हसली, टाळ्या वाजल्या, बाटल्या उघडल्या. मी त्या दुमडत्या आसनावर बसून राहिले.

पहिली फेरी वाढून झाल्यावर हे आले आणि माझ्या शेजारी बसले. कपाळावर घाम होता, चेहरा समाधानी. मी पाणी दिलं.

"चांगली केलीत घोषणा," म्हणाले. "नवीन आलात?"

"हो सर."

"पहिलीच फ्लाइट? भीती वाटते?"

"वाटते थोडी."

"मलाही वाटायची. कुणाला सांगू नका," हळू आवाजात म्हणाले आणि हसले. "मग लग्न झालं. आमची यशोदा सोलापूरला असते."

म्हणाले! इतक्या सहज, जसं काही जन्मभर तेच नाव घेत आले होते. दोन वर्षं मी ज्याच्यासाठी रोज सकाळी तेच तेच सांगत होते, ते ह्यांनी पाण्याचा ग्लास हातात धरून सांगून टाकलं. मला त्यांचा हात धरायचा होता. अहो, मीच ती, हे बघा, मी इथंच बसलीय, असं ओरडून सांगायचं होतं.

"ती विमानात बसत नाही," ते बोलत होते. "एकानं खाली राहायचं, असं ठरलंय आमचं. पहिल्यांदा मला राग यायचा. पण आता कसं होतं, विमान खूप हललं ना, पॅसेंजर ओरडायला लागले, की मी मनात म्हणतो, यशोदा खाली आहे. ऋतुजाजवळ आहे. मग माझे पाय कापत नाहीत. ती वर असती ना, तर मला हे काम जमलंच नसतं. भीतीनं मेलो असतो मी."

विमान थरथरत होतं. त्यांनी एक हात भिंतीला लावून ठेवला होता, शांत. मी त्यांच्या त्या हाताकडं बघत राहिले.

मग माझ्याकडं वळले. "माझंच सांगत बसलो. तुमचं नाव काय?"

नाव तोंडात आलं होतं. अगदी ओठांवर आलं होतं.

"देवयानी," मी म्हटलं.

"छान," ते म्हणाले आणि उठून कोट सारखा करू लागले. "चला देवयानी. जेवणाची वेळ झाली, लोक वाट बघतायत."

मी डोळे पुसले, ट्रे उचलला आणि त्यांच्या मागोमाग गेले.